दुसरी गोळी

अक्कलकोटला जाऊन आलेल्या माणसाला काय काय पाहिलंत असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. वटवृक्ष मंदिर, समाधी मठ, अन्नछत्रातला प्रसाद आणि वेळ उरलाच तर पुढे गाणगापूर. सोलापूरहून जेमतेम चाळीस किलोमीटर, सकाळी निघालं की संध्याकाळच्या आत परत. ह्या सगळ्या धावपळीत राजवाड्यातलं शस्त्रागार बहुतेकांचं राहून जातं. जे जातात तेही तलवारींच्या मुठी आणि त्यांच्यावरचं नक्षीकाम पाहून 'वा वा' करतात आणि बाहेर पडतात. बंदुकांपाशी फारसं कुणी थांबत नाही.

बंदुकांपाशी थांबायचंच असेल तर एक प्रश्न मनात धरून थांबावं असं मला वाटतं. पहिली गोळी सुटल्यावर दुसरी कुठून येते? बंदुकीचा सगळा इतिहास ह्या एका प्रश्नावर मांडता येतो. पहिली गोळी उडवणं हा चौदाव्या शतकात सुटलेला प्रश्न. दुसरी गोळी आपल्या आपण, वेळेवर, सरळ नाकाने नळीत येणं हा मात्र अजूनही पुरता सुटलेला नाही. काल दुकानातून आणलेलं कोरं पिस्तूल आज चौथ्या गोळीला अडकतं ते ह्यामुळेच.

ठासणीची बंदूक घ्या. नळीत मापाची दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली गोळी टाकायची, गजाने ठासायची, बाहेरच्या पाळ्यात रंजक भरायची, आणि मग तोडा नाहीतर गारगोटी, जे काय असेल ते. मिनिटाला दोन-तीन बार काढणारा माणूस म्हणजे तयारीचा. ह्यात गोळी 'अडकणं' हा प्रकार जवळजवळ नाही, कारण गोळी भरणारं यंत्र म्हणजे साक्षात माणूस. काही वाकडं झालं तर त्याला दिसतं, बोटाला लागतं, तो थांबतो आणि दुरुस्त करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर हँडलिंग फुकटात मिळालेलं.

अर्थात माणूस घाबरला की तेही बंद पडतं. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर (१८६३) रणांगणावरून सत्तावीस हजारांच्या आसपास बंदुका गोळा केल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्याच होत्या आणि हजारो बंदुकांत एकावर एक दोन किंवा जास्त बार ठासलेले निघाले, अशी नोंद आहे. म्हणजे शिपाई गोळी भरत होता, बार उडालाच नाही हे त्या गदारोळात त्याला कळलं नाही आणि त्याने वर पुन्हा भरली.

अक्कलकोट संस्थानाची सुरुवातही एका चकमकीतूनच झाली. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येत असताना मराठवाड्यातल्या पारद गावी लोखंडे पाटलांनी त्यांना अडवलं. लढाई झाली, पाटील पडले. पाटलिणीने आपलं पोर आणून महाराजांच्या पुढ्यात घातलं. ते राणोजी लोखंडे. महाराजांनी त्यांना आपलं म्हटलं आणि विजयाची आठवण म्हणून नाव दिलं फत्तेसिंह भोसले. अक्कलकोटचं राजघराणं ते हे. पारदला जे काही बार उडाले असतील ते सगळे वरच्या पद्धतीने, हाताने भरलेले. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं ह्यात फार मोठा फरक पडला नाही.

फरक पाडला तो रिव्हॉल्वरने. सॅम्युअल कोल्टचं पेटंट १८३६चं. रिव्हॉल्वरवाल्यांनी दुसऱ्या गोळीचा प्रश्न सोडवला म्हणण्यापेक्षा टाळला. गोळी हलवायचीच नाही, तिच्या खोलीसकट सगळं चक्रच फिरवायचं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, पुढची खोली हजर. यंत्र म्हणून मला हे फार आवडतं. पाच-सहा गोळ्यांवर भागत असेल तर ह्याहून भरवशाचं डिझाइन नाही. पण सैन्याचं पाच-सहावर भागत नव्हतं.

मग आली पेटी, म्हणजे मॅगझिन. जेम्स पॅरिस ली ह्याने १८७९ मध्ये सुट्या पेटीचं पेटंट घेतलं. पत्र्याचा डबा, तळाशी स्प्रिंग, वर काडतुसांची चळत आणि तोंडाशी काडतुसांना अडवून धरणारे पत्र्याचे दोन ओठ. बास. १८९३ मध्ये ह्यूगो बोर्शार्टने ती पेटी पिस्तुलाच्या मुठीत बसवली आणि आज आपण पिस्तूल म्हणून जे ओळखतो तो आकार तिथे ठरला.

आता सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात काय होतं ते पहा, कारण पुढचं सगळं ह्यावर आहे. बार उडतो, त्याच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते. जाता जाता ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते. तेवढ्या वेळात पेटीतली स्प्रिंग पुढचं काडतूस वर ढकलते. स्लाइड आपल्या स्प्रिंगने पुढे झेपावते, वर आलेल्या काडतुसाच्या बुडाला धक्का देते. काडतुसाचं नाक नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या उतारावरून चढून आत जातं आणि स्लाइड बंद होते. हे सगळं पापणी लवायच्या आत. दोन स्प्रिंगांची शर्यत आहे ही. पेटीची स्प्रिंग उशिरा पोचली तर स्लाइड रिकामीच पुढे जाते. स्लाइड पुरती मागे गेलीच नाही तर तिला काडतूस सापडतच नाही. ज्यांनी मल्टीथ्रेडेड कोडमधली रेस कंडिशन शोधण्यात रात्री घालवल्या आहेत त्यांना ह्या पिस्तुलवाल्यांबद्दल सहानुभूती वाटायला हरकत नाही. शंभरदा चालतं आणि एकशेएकाव्यांदा नाही, तेही साहेबांसमोर डेमो देताना!

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटाह प्रांतातला. त्याची पिस्तुलं बेल्जियममधल्या हेर्स्टाल गावच्या एफ. एन. कारखान्याने काढली. १८९९च्या सुमारास त्याने त्यासाठी एक छोटं काडतूस बनवलं, ७.६५ मिलिमीटरचं, ज्याला आपल्याकडे सगळे 'बत्तीस बोअर' म्हणतात. ह्या काडतुसात एक गंमत आहे. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी रुंद कडा असते, त्या कडेवर ते खोलीच्या तोंडाशी अडून राहतं. पेटीत मात्र ही कडा म्हणजे कटकट, कारण एकाची कडा दुसऱ्याच्या कडेत अडकते. ब्राउनिंगने मधला मार्ग काढला. कडा ठेवली पण अगदी नावापुरती, काडतुसाच्या अंगाबाहेर चहूकडून साधारण पाव मिलिमीटर. काडतूस नळीत नेमकं किती आत जाऊन थांबायचं ते ही कडा ठरवते.

हा पाव मिलिमीटर सव्वाशे वर्षं लोकांना छळतोय. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे असेल तर सगळं सुरळीत. मागे गेली तर स्लाइड वरच्याला पुढे ढकलायला जाते, ते खालच्याला घेऊन अडतं आणि पेटी ठप्प. ठोकून, हलवूनही सुटत नाही, पेटी काढून काडतुसं बोटाने मोकळी करावी लागतात. आखूड नाकाची काडतुसं घातली तर हे जास्त होतं, कारण पेटीत पुढेमागे सरकायला जागा उरते. ब्राउनिंगला हे कळलं असणार. त्यानंतरच्या त्याच्या .३८० आणि .४५ ह्या पिस्तुलाच्या काडतुसांना बाहेर आलेली कडा नाही. पण तोवर बत्तीस जगभर पोचलं होतं. व्हर्जन एकमधला निर्णय, बदलता येत नाही कारण सगळे वापरतात. कुणाला आपल्या ऑफिसातलं काही आठवलं तर मी जबाबदार नाही.

इथे आपल्याकडचा धागा येतो. १८७८च्या आर्म्स अ‍ॅक्टने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाला परवान्याशिवाय हत्यार ठेवायला बंदी झाली. संस्थानिकांना मात्र बरीच मोकळीक होती. अक्कलकोटसारखा संग्रह उभा राहू शकला तो ह्या फटीतून. एकाच प्रांतात एकीकडे राजवाड्याच्या भिंतीवर बंदुका टांगलेल्या आणि दुसरीकडे गावात एक पिस्तूल सापडलं तर तुरुंग.

१९०९ साली लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं पाठवली. इंडिया हाउसमधल्या चतुर्भुज अमीनच्या सामानात, पेटीला खोटा तळ करून त्याखाली लपवलेली. ती मार्चमध्ये मुंबईला पोचली, तोवर बाबाराव सावरकरांना अटक झाली होती. त्यातलंच एक पिस्तूल २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेच्या हातात होतं. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा 'शारदा'चा प्रयोग होता. जॅक्सन ठार झाला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ह्यांना १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता.

ह्या प्रकरणावर आजही लोक तावातावाने भांडतात. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, 'पंडित' म्हणवला जायचा, हे एक टोक. बाबारावांना जन्मठेप झाली त्या खटल्याची कारवाई त्याच्यापासून सुरू झाली, हे दुसरं टोक. मला इथे वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटतं. तंत्रज्ञान किती नवीन होतं! असं पिस्तूल बाजारात येऊन पुरतं दशकही झालं नव्हतं. त्याच्या दोनच महिने आधी, २६ ऑक्टोबरला, मांचुरियातल्या हार्बिन स्टेशनवर आन जुंग-गुन ह्या कोरियन तरुणाने जपानच्या इतो हिरोबुमीला मारलं तेही ब्राउनिंगनेच. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्हवर झाडलं गेलं तेही ब्राउनिंगच. खिशात मावणारं, सात गोळ्या सलग देणारं हत्यार पहिल्यांदाच मिळत होतं, आणि साम्राज्यांच्या तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या तीन तरुणांनी तेच उचललं.

पण त्या तिघांची परिस्थिती सारखी नव्हती. नवं पिस्तूल भरवशाचं करायचं तर ते चालवून पाहावं लागतं, बऱ्याच गोळ्या खर्चाव्या लागतात, अडलं तर का अडलं ते बघावं लागतं. आर्म्स अ‍ॅक्टखालच्या नाशिकमध्ये बार काढणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. पिस्तूल मिळवणं एकवेळ जमतं, सराव मिळवणं नाही. संस्थानाच्या शिकारखान्यात काडतुसांचा हिशेब कोण विचारतो? आर्म्स अ‍ॅक्टने लोकांकडून हत्यारं काढून घेतली असं आपण म्हणतो, पण हत्याराची ओळखच काढून घेतली हे जास्त खोल गेलं असं माझं मत.

सरकारला काडतुसाची भीती किती होती ह्याचा आणखी एक नमुना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हिंदुस्थानात .४५० मापाच्या काडतुसांवर बंदी आणली, कारण त्यांच्या गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना चालतील ही धास्ती. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी शिकारी गिऱ्हाइकांसाठी .४६५, .४७० अशी जरा जरा वेगळी मापं काढली. वाघ मारायला चालेल, फौजेच्या बंदुकीत बसणार नाही. आज आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणतात त्याच्या मागे हाच विचार आहे. ९ मिलिमीटर, .३०३ ही सैन्या-पोलिसांची मापं साध्या परवान्यावर मिळत नाहीत. १९५९च्या कायद्यानेही हा विचार सोडला नाही आणि २०१६च्या नियमांनीही नाही. म्हणून इथल्या परवान्याच्या पिस्तुलात बहुधा काय असतं? तेच १८९९चं बत्तीस, पाव मिलिमीटरच्या कडेसकट.

सैन्यात हाच प्रश्न मोठ्या आकारात होता. .३०३च्या काडतुसाला तर चांगली रुंद कडा. ली-एनफील्ड रायफलीत काडतुसं भरताना वरच्याची कडा खालच्याच्या पुढे राहील हे शिपायाला घोकून शिकवलं जाई. ब्रेन मशीनगनची पेटी केळ्यासारखी वाकडी दिसते ती स्टाइल म्हणून नव्हे, कडांमुळे चळतच वाकडी होते म्हणून. आणि त्या पेटीत तीस काडतुसं मावत असली तरी भरायची अठ्ठावीसच, स्प्रिंगला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून. हे कुठल्या पुस्तकी गणितातून नाही आलं, अडकलेल्या बंदुकांच्या अनुभवातून आलं.

आणि पेटी बिनचूक चालली तरी ती संपतेच. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं. तिसऱ्या बटालियनचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने ती बंद पाडली, उरलेल्यांतल्या एकाला टॉमी गनने मारलं. पुढे त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात जी नोंद आहे ती मला विसरता येत नाही. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून ठार केलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. पेटी बदलायला किती लागतात, तीन-चार सेकंद? तेवढे नव्हते.

ब्राउनिंगची गोष्ट पुरी करायची तर १९२६ मध्ये तो हेर्स्टालच्या कारखान्यातच वारला. त्याचं शेवटचं पिस्तूल द्यूदोने सेव्ह ह्या बेल्जियन माणसाने पुरं केलं, १९३५चं हाय-पॉवर. तेरा गोळ्यांची, दोन ओळींत भरून एका ओळीत बाहेर येणारी पेटी सेव्हची. नाव मात्र ब्राउनिंगचंच राहिलं! पेटी करणाऱ्याच्या नशिबी हे असंच. ते पिस्तूल आपल्याकडे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनू लागलं आणि सैन्या-पोलिसांच्या कमरेला दिसणारं ९ मिलिमीटरचं पिस्तूल म्हणजे तेच. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, इन्सास रायफलीबद्दल ज्या तक्रारी आल्या त्यातली एक पुन्हा पेटीचीच, थंडीत प्लास्टिकला तडे जातात ही.

असो. आता मूळ प्रश्न. कुणी परवानाधारक विचारतो की कोरं पिस्तूल आहे, तिसरी-चौथी गोळी अडकते, पिस्तूलच खराब का? वरचा इतिहास वाचल्यावर उत्तराचा क्रम आपोआप लागतो. पिस्तुलावर सगळ्यात शेवटी यायचं. आधी पेटी. दोन पेट्या असतील तर खुणेसाठी एकीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि कुठलीत अडकतंय ते लिहून ठेवायचं. एकाच पेटीत अडकत असेल तर पिस्तूल निर्दोष. पेटी कधी फरशीवर पडून ओठ वाकलेत का, काडतूस दोन्ही बाजूंनी सारखं धरलंय का ते पाहायचं. नव्या पेटीची स्प्रिंग फार ताठ असते, तेव्हा ब्रेनवाल्यांचा धडा गिरवून एक गोळी कमी भरून बघायची.

मग काडतूस. ही छोटी पिस्तुलं फक्त स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर चालतात, दुसरी काही कुलूपजोड नसते. जुन्या, ओल धरलेल्या काडतुसाचा धक्का कमी पडला की स्लाइड अर्ध्यातून परत येते. मनगट सैल धरलं तरी तेच होतं, कारण मग सगळं पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जातं. म्हणजे चालवणाराही ह्या यंत्राचा एक सुटा भाग आहे. त्यानंतर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून येताना फासलेलं घट्ट ग्रीस. ते पुसून, हलकं तेल लावून घेतल्याशिवाय नवं पिस्तूल चालवणं म्हणजे कोऱ्या भांड्याचं लेबल न काढता भात लावण्यासारखं आहे. एवढं सगळं झाल्यावरही अडकलं तर उतार, नळीचं तोंड आणि पुंगळी ओढणारा आकडा. तिथे घरी कानस घेऊन बसायचं नाही, परवानाधारक कारागिराकडे द्यायचं. उतारावर एकदा चुकीची घासलेली धातू परत येत नाही, कंट्रोल-झेड नसतं.

आपल्याकडची खरी अडचण ह्याच्या पुढे आहे. परदेशात नवं पिस्तूल घेतलेला माणूस रेंजवर जाऊन शे-दोनशे गोळ्या झाडतो आणि मगच त्याच्यावर भरवसा ठेवतो. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, एका वेळी किती आणि वर्षाला किती. त्यात एवढी टेस्टिंग परवडतच नाही. कपाटात पडलेल्या कितीतरी पिस्तुलांतून दहा गोळ्याही सुटलेल्या नसतील, आणि मालक त्यांच्या भरवशावर झोपतात.

ह्यावर एक तोडगा आहे, बिनबारुदाची डमी काडतुसं. नळी भिंतीकडे, खोलीत खरं काडतूस एकही नाही, आणि स्लाइड हाताने पूर्ण मागे ओढून सोडायची. बार नसल्याने धक्क्याची परीक्षा होत नाही, पण पेटी, ओठ, उतार आणि कडा ह्या चौघांची होते. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवण्याआधी त्याची कडा खालच्याच्या पुढे बसलीय ना ते अंगठ्याच्या नखाने चाचपायचं. पेटी पुरी दहा वेळा रिकामी करून बघायची, आणि मगच परवान्यावरच्या आकड्याला हात लावायचा.